घर माझे, वेस कोणाची?

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक सुताराचा मुलगा मागील दिवाळीत भेटावयास आला होता. मुलगा गुणी. बापाने रंधा चालवून त्यास वाढविले. त्याने शहरात जाऊन कपाटे, पलंग करण्याच्या कामात नाव मिळविले. पुढे बापलेकांनी विचार करून गावची दीड एकर जिराईत विकली व शहरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेण्याचे ठरविले. फ्लॅटचा मालक राजी होता. भाव ठरला, विसार दिला गेला. मग सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी मुलास बोलावून घेतले. नाव पुसले, आडनाव पुसले, गाव पुसले, आणि शेवटी घरात काय शिजते तेही पुसले. दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला की, "माझी काही हरकत नाही, पण कमिटीची मंडळी ना हरकत दाखला द्यावयास तयार नाहीत. आपला विसार परत घेऊन जा." कागदावर एक अक्षर नाही, कारण नाही, सही नाही. तोंडाने नाही म्हटले आणि विषय संपला!

मुलाने आम्हांस सरळ विचारले, "गुरुजी, घर त्याचे, पैसा माझा. मग मध्ये आडवा पडणारा हा तिसरा कोण?"

हा प्रश्न एका सुताराच्या पोराचा नाही. आज आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंपैकी ज्याचा मुलगा शहरात नाही असा विरळा. कोणी रान विकून, कोणी बायकोच्या अंगावरचा डाग मोडून, कोणी वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन शहरात छप्पर पाहतो आहे. त्या सर्वांना हा तिसरा कधी ना कधी भेटणार आहे. सबब तो कोण, त्याचा हक्क किती, आणि तो हक्क कोठे संपतो, हे आज उघडपणे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम न्यायाची बाजू सांगू. एका इमारतीत चाळीस बिऱ्हाडे राहतात. प्रत्येकाची खोली ज्याची त्याची. पण जिना, गच्ची, पाण्याची टाकी, गटार, आवारातील दिवा ही सगळ्यांची. टाकी धुवावयाची तर पैसा कोणी गोळा करावा? जिना झाडणाऱ्याला पगार कोणी द्यावा? ह्यासाठी सर्वांनी मिळून मंडळी नेमावी, वर्गणी ठरवावी, हिशेब ठेवावा, हे योग्यच आहे. गावकीच्या विहिरीचा गाळ काढावयाचा तर घरटी एक माणूस द्यावाच लागतो. जो देत नाही त्यास चारचौघांत जाब विचारला जातो. सहकाराची किंमत आम्हां खेड्यातील लोकांस कोणी शिकवावयास नको. तेव्हा सोसायटी नको असे आमचे म्हणणे नाही. सोसायटीने गाळ काढावा. पाणी कोणी भरावे हे तिने जात पाहून ठरवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपल्याकडे सहकारी संस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला, पण तो पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांस वाट मिळाली आणि १९१५ साली मुंबईस गावदेवीला सारस्वत मंडळींची गृहसंस्था निघाली. ह्या देशातील आद्य गृहसंस्थांत तिची गणना होते. घरमालकाच्या भाड्यातून सुटण्याचा तो चांगला मार्ग होता, आणि तो दाखविणाऱ्यांचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. त्या काळी परक्या शहरात माणूस विश्वास कोणावर टाकणार? ओळखीच्यांवर, आणि ओळखी म्हणजे बहुधा जातीच्या. परंतु ह्या वाटेने पुढे अनेक संस्था जातीच्या व पंथाच्या नावाने उभ्या राहिल्या. अडचणीत धरलेली काठी पुढे हातात तशीच राहिली आणि तिचा उपयोग दुसऱ्याला दारातून हाकण्याकडे होऊ लागला.

मालकाने आपले घर कोणास विकावे हे शेजाऱ्यांनी ठरवावे काय, हा प्रश्न आमच्या आधी अमेरिकेत चव्हाट्यावर आला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केले होते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. गुलामी गेली, पण पुढे त्याच देशात गुलामांच्या नातवंडांना घर मिळेना. ती हकीकत मन लावून वाचावी, कारण तीत आमच्या सुताराच्या पोराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

मिसूरी राज्यात सेंट लुईस नावाचे शहर आहे. तेथे लबाडी अॅव्हेन्यू नावाची एक गल्ली. (नावाचा योगायोग मराठी वाचकाला हसू आणील, पण नाव खरे आहे.) १९११ सालच्या फेब्रुवारीत ह्या गल्लीतील ३९ मालकांपैकी ३० जणांनी एक करार लिहून नोंदविला. करार असा की, पुढील ५० वर्षे ह्या जागा काळ्या वर्णाच्या किंवा मंगोल वंशाच्या माणसाने वापरू नयेत. गल्लीत जागा एकंदर ५७; सह्या करणाऱ्यांच्या ताब्यात ४७. आणि मौज अशी की, करार झाला त्याच वेळी त्या गल्लीतील पाच जागा काळ्या लोकांच्या मालकीच्या होत्या, आणि त्यांतील एका जागेत तर १८८२ पासून काळी कुटुंबे नांदत होती! एकोणतीस वर्षे शेजार झाला, तोवर कोणाचे आभाळ कोसळले नव्हते. सही झाली आणि शेजारी एकाएकी संकट ठरला.

असे करार त्या देशात जागोजाग झाले. काही शहरांनी तर काळ्यांची वस्ती वेगळी ठेवण्याचे कायदेच केले होते. १९१७ साली तेथील वरिष्ठ कोर्टाने हे शहरी कायदे रद्द ठरविले. सरकारी वेस मोडली. मग काय झाले? मालकांच्या मंडळ्यांनी कराराची वेस उभी केली, आणि अशा करारांना पहिल्याहून अधिक ऊत आला. जमिनीचे तुकडे पाडून विकणारे व्यापारी खरेदीखतातच ही अट घालू लागले आणि अट पाळली जाते की नाही हे पाहण्यास घरमालकांचे संघ बसवू लागले. इतकेच नव्हे, तर घरकर्जाला हमी देणारे जे सरकारी खाते १९३४ साली निघाले, त्याने आपल्या अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत अशा अटींची शिफारसच केली. म्हणजे करार खाजगी, पण त्याच्या पाठीवर हात सरकारचा!

आता शेली कुटुंबाचे ऐका. जे. डी. शेली व त्यांची पत्नी एथेल ही मिसिसिपीकडून पोट भरावयास सेंट लुईसला आलेली माणसे. पदरात सहा मुले. ११ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी लबाडी अॅव्हेन्यूवर एक घर रीतसर खत करून विकत घेतले. १९११ च्या कराराची त्यांना खबरही नव्हती. विकणारा राजी, घेणारा राजी, पैसा चोख. दोन महिने होत नाहीत तोच ९ ऑक्टोबरला शेजारच्या मालकांचा दावा दाखल झाला. मागणी काय? शेलींना घराचा ताबा घेऊ देऊ नये, आणि घराची मालकीच त्यांच्याकडून काढून घ्यावी. वाचकहो, विचार करा. ज्यांनी एक कवडी दिली नाही, ज्यांचे ते घर नाही, ते विकत घेणाऱ्याची मालकी काढून घ्या म्हणून कोर्टात उभे राहिले!

खालच्या कोर्टाने दावा फेटाळला, कारण करारावर सर्व मालकांच्या सह्या झाल्याच नव्हत्या. राज्याच्या कोर्टाने तो निकाल फिरविला. शेवटी प्रकरण देशाच्या वरिष्ठ कोर्टात गेले. तेथे शेलींच्या बाजूने जॉर्ज व्हॉन नावाचा एक वकील उभा राहिला. तो स्वतः एका गुलामाचा मुलगा होता. ३ मे १९४८ रोजी निकाल लागला, आणि निकालाला बसलेले सहाही न्यायाधीश एकमताचे होते.

त्या निकालातील मुद्दा साधा आहे व तो प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. कोर्ट म्हणाले की, मालकांनी आपसात करार केला आणि आपखुशीने पाळला, तर त्यात सरकारचा हात नाही. परंतु घेणारा राजी व देणारा राजी असता तिसरा येऊन म्हणेल की कोर्टाने हुकूम काढून ह्याला हुसकावावे, तर तो हुकूम सरकारचा होतो. आणि वर्ण पाहून माणसाचा घर घेण्याचा हक्क हिरावण्यास सरकारची सत्ता वापरता येत नाही. १८६८ साली अमेरिकेच्या घटनेत जी चौदावी दुरुस्ती झाली, तिने राज्यांना अशी बंदी केली आहे. थोडक्यात, कागद पेटीत ठेवा. त्या कागदासाठी सरकारचा बेलिफ मिळणार नाही!

पण ह्याने वेस पूर्ण मोडली काय? नाही. करार लिहिण्यास बंदी नव्हती, म्हणून कुजबुजीने, टाळाटाळीने तोच खेळ चालू राहिला. पुढे वीस वर्षांनी, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यावर आठवड्याच्या आत, ११ एप्रिल १९६८ रोजी घरांच्या खरेदीत व भाड्यात वर्ण, धर्म, मूळ देश पाहून भेद करण्यास बंदी करणारा कायदा अमलात आला. तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. ज्याच्या बापाच्या नावे घर नाही त्याला तारण नाही. तारण नाही त्याला कर्ज नाही. कर्ज नाही त्याला दुकान नाही की मुलाचे शिक्षण नाही. सातबारा कोरा असणे म्हणजे काय, हे आमच्या कुळांना व भूमिहीनांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या घरी या. जी व्यक्ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाली, तिला त्या राजधानीत राहावयास एक खोली मिळाली नाही आणि नोकरी सोडून मुंबईस परत यावे लागले. ते डॉक्टर आंबेडकर. त्यांनीच पुढे घटनेचा मसुदा सिद्ध केला. ती घटना २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे. तीत सरकारने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान पाहून भेद करू नये असे कलम १५ सांगते, आणि कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. मग सोसायटीच्या दारात काय झाले?

१५ एप्रिल २००५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. अहमदाबादेतील पारशी मंडळींची एक गृहसंस्था जुन्या मुंबई इलाख्याच्या १९२५ च्या कायद्याखाली नोंदलेली होती. पारशाखेरीज कोणी सभासद होऊ नये, असा तिचा उपविधी. आपली जागा समाजाबाहेर विकू पाहणाऱ्या एका सभासदास संस्थेने अडविले. न्यायालयाने संस्थेच्या बाजूने कौल दिला. म्हणणे असे की, संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ ने दिले आहे. कलम १५ सरकारला बांधते, अशा संस्थेला नाही. सभासद होताना उपविधी मान्य केलेला आहे. आणि हे बदलावयाचे तर ते काम कायदेमंडळाचे आहे.

न्यायालयाचा आम्ही मान राखतो. पारशी समाज संख्येने लहान आहे, आपली वस्ती विरून जाईल ही त्याची भीती खोटी नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु ज्या तत्त्वाने लहान समाजाचे रक्षण होते म्हणतात, त्याच तत्त्वाची ढाल मोठे व श्रीमंत समाज पुढे करतील, तेव्हा गरिबाने जावे कोठे? शिवाय सहकारी संस्था म्हणजे काही चार मित्रांचा पत्त्यांचा अड्डा नव्हे. ती सरकारच्या कायद्याने जन्मते, निबंधकाच्या नोंदणीने जगते, आणि अशा कित्येक संस्थांना सरकारी जमीनही मिळालेली आहे. सर्वांच्या पैशाने व सर्वांच्या कायद्याने उभे राहिलेले दार एका जातीपुरते उघडावे, हा कोठला न्याय? न्यायालयाने चेंडू कायदेमंडळाकडे टाकला आहे. आमदार निवडून देणारे आपण आहोत. तेव्हा तो चेंडू शेवटी आपल्याच अंगणात पडला आहे.

कोणी म्हणेल, "सोसायटीला शिस्त नको काय? जिन्यात घाण करणारा, रात्री धिंगाणा घालणारा शेजारी आम्ही का सोसावा?" मुळीच सोसू नये. नियम जरूर करावा. पण नियम कृतीला असावा, जन्माला नसावा. जिन्यात कचरा टाकील त्यास दंड, मग तो कोणीही असो, हा नियम झाला. अमक्या आडनावाचा माणूस कचरा टाकीलच, म्हणून त्यास घरच देऊ नये, ही वेस झाली. चुलीवर काय शिजावे हा तर ज्याच्या त्याच्या चुलीचा प्रश्न आहे. आज मटणाचा वास नको म्हणणाऱ्यास उद्या लसणीचा वासही सोसणार नाही.

आणि ही सत्ता एकदा मोकाट सुटली की ती परक्यावर थांबत नाही, घरच्यांवरही उलटते. अमेरिकेत आज कोट्यवधी लोक अशा संघांच्या अमलाखाली राहतात. गवत वाढले म्हणून दंड, भिंतीला रंग वेगळा दिला म्हणून दंड. वर्गणी थकली तर कित्येक राज्यांत घरावर बोजा चढवून ते लिलावात काढण्यापर्यंत मजल जाते. आपल्या घरावर राष्ट्रध्वज लावण्यास संघाने मनाई करू नये, म्हणून तेथील सरकारला २००६ साली कायदा करावा लागला! अंगणात दोरी बांधून कपडे वाळत घालता यावेत, म्हणून फ्लोरिडासारख्या राज्यांना कायद्याचे पांघरूण द्यावे लागले. दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी ज्यांनी कमिटीच्या हाती काठी दिली, त्यांच्याच धोतरावर ती काठी पडली.

आमच्या मते खरी चूक मालकी ह्या शब्दाचा अर्थ लावण्यात आहे. मालकी म्हणजे दार लावण्याचा हक्क, एवढेच लोकांस वाटते. दार उघडण्याचा हक्कही मालकीच आहे. १८६८ साली जोतीरावांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. हौद त्यांचा, आवार त्यांचे, पाणी त्यांचे. जातवाल्यांची मर्जी राखावयाची तर हौद बंदच ठेवावा लागला असता. जोतीरावांनी आपल्या मालकीचा उपयोग दार उघडण्याकडे केला. त्या सुताराच्या पोराला घर विकू पाहणाऱ्या मालकाचाही हाच हक्क कमिटीने हिरावला. घेणाऱ्याचे घर गेले आणि विकणाऱ्याचे गिऱ्हाईक गेले. एका तोंडी नकाराने दोघांना नागविले.

हे लिहिताना आम्हांस आपल्या लोकांचेही दोन शब्दांत कान उपटले पाहिजेत. शहरातील कमिटीने आडनाव पुसले म्हणजे आमचा पाटील, आमचा माळी, आमचा सुतार संतापतो. आणि संतापावे हे योग्यच. पण गावाशेजारी नवे प्लॉट पडतात तेव्हा महार-मांग भावाने रोख पैसा पुढे केला तरी "तो कोपऱ्यातला घे, गल्लीतला नको" असे म्हणणारे कोण असतात? आपलेच ना? गावकुसाबाहेरची वेस आम्ही सांभाळावी आणि सोसायटीची वेस मात्र आमच्यासाठी मोडावी, हे कसे व्हावे? जो दुसऱ्याला गल्लीत घेत नाही त्याने लिफ्टमध्ये घेतले नाही म्हणून रडू नये.

आता करावयाचे काय ते सांगतो. फ्लॅटचा विसार देण्यापूर्वी संस्थेच्या उपविधींची प्रत मागून वाचा. आपल्यास न समजल्यास गावच्या शिक्षकाकडून वाचवून घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे तत्त्व असे आहे की, पात्र माणसास पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत तर स्वच्छ लिहिले आहे की, सभासदाने आपला भाग व हितसंबंध दुसऱ्यास देण्यासाठी संस्थेच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही. ज्या संस्थेने ते उपविधी स्वीकारले आहेत, तिची कमिटी ह्या दाखल्याच्या नावाने अडवू लागली तर ते कलम तिच्यापुढे ठेवा. तोंडी नाहीला भुलू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा, आणि निबंधकाकडे अपील करा. तोंडी नकार वाऱ्यावर जातो; लेखी नकाराला कारण द्यावे लागते, आणि खरे कारण लिहिण्याची छाती फार थोड्यांना असते. ज्यांची घरे आधीच अशा सोसायट्यांत आहेत त्यांनी वार्षिक सभेला जावे, कमिटीवर उभे राहावे. आपण घरी बसतो म्हणून दहा माणसे चाळीस बिऱ्हाडांच्या नावाने बोलतात.

आणि मते मागावयास जो येईल त्यास एकच प्रश्न विचारा: जात, धर्म किंवा घरातील अन्न पाहून सभासदत्व नाकारणारा कोणताही उपविधी रद्द समजावा, असे कलम विधानसभेत मांडाल काय? हो म्हणेल त्यास तारीख विचारा.

त्या मुलास आम्ही पुन्हा शहरात धाडले आहे. लेखी अर्ज देऊन पोच घेण्यास सांगितले आहे. त्याची दीड एकर तर गेली. ती परत येणार नाही. तिच्या बदल्यात दोन खोल्या तरी त्याच्या नावावर लागल्या पाहिजेत. त्या जमिनीत त्याच्या आजोबाने विहीर खणली होती आणि शेजारच्या रानाला पाणी देताना त्याने कधी कोणाचे आडनाव पुसले नव्हते.